शुद्धीची वही

मुलांनो,

तुमच्यापैकी एकीने मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं की सात दिवस नुसता फळांचा रस पिऊन शरीर आतून स्वच्छ करायचं म्हणते, तर घरातले जुने काही उपाय मला ठाऊक आहेत का. मी "लिहून कळवते" म्हटलं आणि फोन ठेवला. जुने उपाय मला पुष्कळ ठाऊक आहेत. पण त्याआधी एक हकीकत सांगायला हवी. ती मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, तुमच्या आजोबांनासुद्धा नाही.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. आम्ही नागपुरात लकडगंजच्या मागच्या बाजूला राहत होतो. आरा मशीन सकाळी आठला सुरू व्हायची आणि लाकडाचा भुसा वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचा. घरात दोन भावांचे दोन संसार आणि एक स्वयंपाकघर. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. स्वयंपाकघर माझ्या थोरल्या जाऊबाईंचं होतं. त्या रामटेकजवळच्या एका खेड्यातल्या, धानाच्या शेतात वाढलेल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण जीभ अशी की वकिलाने ऐकत बसावं. मला त्या "मास्तरीण" म्हणायच्या. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, तेव्हा म्हणाल्या, "काहून वं मास्तरीण, तुरीच्या डाळीले आपलं नाव माहीत नाही काय?"

मी शिस्तीची होते. रविवारी सगळ्या मुलांना एरंडेल देणं, पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं खायला लावणं, रात्री आठच्या आत जेवणं, हे सगळं मी वेळापत्रकासारखं चालवत असे. त्यात शाळेच्या ग्रंथालयातून निसर्गोपचाराचं एक इंग्रजी पुस्तक माझ्या हाती आलं. शरीरात विष साठतं, आजार म्हणजे तेच विष, आणि फळं, पाणी, उपवास यांनी ते धुऊन काढता येतं, असं त्यात होतं. छपाई सुंदर होती, भाषा स्वच्छ होती. मी त्यावर विश्वास ठेवला. इंग्रजीत नीट लिहिलेलं खोटं असू शकतं हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या वर्षी माघात जाऊबाईंच्या तोंडावर सकाळी सूज दिसू लागली. मग पायावर. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा. जेवणावरची वासना गेली. गल्लीतल्या डॉक्टरांनी लघवी तपासून घेतली आणि सांगितलं, "मूत्रपिंडाचं काहीतरी आहे. आठवड्याच्या आत मोठ्या दवाखान्यात जाऊन रक्त तपासा."

इथे मी आडवी आले. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच बाई, तेव्हा दवाखान्याचे कागद माझ्याकडेच यायचे आणि शब्दही माझाच चालायचा. मी थोरल्या दिरांना म्हटलं, "दादा, रक्तात एवढा मळ साठलेला असताना तपासणी केली तर खराबच येईल. अकरा दिवस मी त्यांची शुद्धी करते, मग तपासू." मुलींना परीक्षेआधी अभ्यास करायला लावावा तसा हा माझा विचार होता. तपासणीचा निकाल चांगला यावा, एवढंच मला दिसत होतं. दीर म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात." बस, एवढ्यावर ठरलं.

संत्र्यांचे दिवस होते. बाजारात ढीग लागलेले. मी एक नवी वही घेतली, पानांवर रेघा मारल्या आणि वेळा लिहिल्या. सहा वाजता कोमट पाणी दोन पेले. आठ वाजता चार संत्र्यांचा रस. दहा वाजता नारळपाणी. दुपारी पुन्हा संत्री, संध्याकाळी भाज्यांचं पाणी, मध्येमध्ये पाणी, जितकं जाईल तितकं. भाकरी नाही, डाळ नाही, चहा नाही. शाळेत जाताना मी वही स्वयंपाकघराच्या खिळ्याला टांगायची आणि आल्यावर त्यांना विचारून खुणा करायची.

"किती संत्री झाली?"

"मोजत नाही मी. सालं पाह्य त्या टोपलीत, मोजून घे," त्या म्हणायच्या. "माया माहेरी गाईले बी इतकं पाणी नाही पाजत वं. धुऊन वाळत घालतेस काय मले?"

मी हसायची आणि खूण करायची.

पहिले तीन दिवस त्यांना हलकं वाटलं. चौथ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं, फार. पुस्तकात लिहिलं होतं की डोकं दुखणं म्हणजे विष बाहेर पडायला लागल्याची खूण. मी त्यांना तसंच सांगितलं. "दुखतंय ते चांगलंच आहे, ताई."

"दुखून राहिलं मायं डोकं, अन् चांगलं तुले वाटून राहिलं," त्या म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतून एक गोळी काढून तोंडात टाकली.

त्या गोळ्या पानठेल्यावरही मिळत. डोकेदुखीच्या, पांढऱ्या, कागदाच्या पुडीत. जाऊबाई वर्षानुवर्षं त्या घेत आल्या होत्या. शिगडीचा धूर, नागपूरचं ऊन, पंधरा माणसांचा स्वयंपाक, सकाळच्या चहाबरोबर एक, दुपारी एक, कधी झोपताना. घरात कोणाला ते औषध वाटतच नव्हतं. त्या अकरा दिवसांत चहा बंद, म्हणून डोकं जास्त दुखायचं, म्हणून त्या रोज चार-पाच घेत. मी समोर उभी असायची. वहीत शरीरात जाणाऱ्या प्रत्येक पेल्याची नोंद होती. गोळीची एकही नव्हती. ते खाणं नव्हतं, म्हणून मी लिहिलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी त्या मोरीकडे जायला उठल्या आणि खाली बसल्या. "पाय ऐकत नाहीत," म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. मी नाडी धरली. ती इतकी सावकाश होती की दोन ठोक्यांच्या मध्ये मला भीती वाटावी. रिक्षात घालून आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. त्या अवस्थेतही त्या म्हणाल्या, "अजून दोन दिवस राहिले ना मास्तरीण? नापास झाली मी."

तिथले तरुण डॉक्टर भराभर कामाला लागले. इंजेक्शन, सलाईन, छातीला तारा. थोरल्या दिरांना त्यांनी चिठ्ठी देऊन खाली औषधं आणायला पाठवलं. मग मला विचारलं, "या काय खात होत्या?"

मी पिशवीतून वही काढली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणीही मला थोडा अभिमान होता, की पाहा, आमच्याकडे सगळी नोंद आहे. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग वही मिटून थोडा वेळ हातात तशीच धरली. माझी वही इंग्रजीत होती म्हणून असेल, ते माझ्याशी इंग्रजीत बोलले, हळू आवाजात. संत्री, नारळपाणी, भाज्यांचं पाणी यांत एक क्षार फार असतो. चांगलं मूत्रपिंड तो सहज बाहेर टाकतं. यांचं मूत्रपिंड टाकू शकत नव्हतं, म्हणून तो रक्तात चढला आणि हृदय थांबायच्या बेतात आलं. जास्तीचं पाणीही असंच आत तुंबलं. त्यांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या घेतात का? मी सांगितलं. किती वर्षं? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की मूत्रपिंड बहुतेक त्या गोळ्यांनीच गेलं असणार, हळूहळू.

"आठ दिवस आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

ते म्हणाले की तेव्हा काही करता आलं असतं, किती ते आता सांगता येणार नाही.

जाऊबाई पलंगावरून बघत होत्या. "इंग्रजीत काय म्हणे तो?"

"गोळ्या बंद करा म्हणतात. आणि पाणी कमी प्यायचं," मी म्हटलं. अर्धंच सांगितलं.

त्या वेळी हृदय सावरलं. पण रक्त यंत्राने धुण्याची सोय तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हती. घरी सोडताना डॉक्टरांनी नियम दिला. काल जितकी लघवी झाली तितकं पाणी, वर दोन पेले. चहा, ताक, वरणाचं पाणी, सगळं त्यातच धरायचं. फळ नाही. भाजी कापून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून द्यायचं.

तो उन्हाळा मी विसरू शकत नाही. चैत्र, वैशाख, बाहेर डांबर मऊ झालेलं, खिडकीला वाळ्याचा पडदा, आणि आत पलंगावर एक तहानलेली बाई. लघवी मोजायला खुणांची काचेची बरणी होती. ती मी मोजायची. मग तितकं पाणी सकाळी एका तांब्यात भरून ठेवायची आणि तांब्या आपल्याच हाताने झाकायची. जाऊबाईंचे ओठ फुटलेले असत, अंगाला सारखी खाज सुटे, तोंडाला घाण वास येई. अकराच्या सुमारास तांब्या अर्धा झालेला असे.

"मास्तरीण, एक घोट दे वं."

"चार वाजता, ताई."

"तवा तं पाजू पाजू मारलं, आता मोजून राहिली."

मी ओला फडका त्यांच्या ओठांवर फिरवायची. त्या तो दातांत धरून चोखत आणि माझ्याकडे बघत नसत.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. त्या म्हणाल्या, "ते संत्र्यांचंच झालं ना?"

मी म्हटलं, "हो. आणि उशीर झाला, तो माझ्यामुळे."

"मले समजलं होतं. त्या डाक्टरनं वही कशी धरली ते पाह्यलं मी. मयताचं सामान धरावं तशी." मग म्हणाल्या, "घरी नको सांगू कोणाले. तुया हातचा च्या नाही पिणार कोणी. अन् माह्या पोरायले पुढं तुलेच पाहा लागते."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नको वं. डोयातलं पाणी फुकट चाललं, मले देलं असतं."

मृगाच्या आधी त्या गेल्या. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, मुली. शरीर स्वच्छ करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, रात्रंदिवस, आपल्याला न विचारता. ती चांगली असतील तर त्यांना तुझ्या रसाची गरज नाही, आणि ती बिघडली असतील तर तोच रस घात करील. आपल्या हातात जे आहे ते फार साधं आहे. तहान लागेल तेव्हा पाणी पी. वेळेवर जेव, भाकरी किंवा पोळी, डाळ, पालेभाजी, ताक. मीठ हात राखून घाल. चाल, पुरेशी झोप. सुपारी-तंबाखूच्या वाटेला जाऊ नकोस. डोकं रोज दुखत असेल तर गोळीचं पाकीट न उघडता डॉक्टरांकडे जा, आणि रक्तदाब, लघवी वर्षाला एकदा तपासून घे. सूज आली तर त्याच आठवड्यात जा. निकाल चांगला येण्याची वाट बघू नकोस. वेळेवर कळलेला वाईट निकाल बरा. यात नवीन काही नाही आणि छान छापण्यासारखंही काही नाही. मुलांच्या रविवारच्या एरंडेलाची बाटली मी त्याच वर्षी मोरीत ओतली.

बाकी राहिलं ते हे. तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर थोरले दीर माझ्याजवळ आले. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी समोर उभं राहून फारसं बोललेच नव्हते. हात जोडून म्हणाले, "एक सांगायचं होतं. तिनं मले शेवटी सांगतलं. तुम्ही तिले दोन दोन संत्रीच देत होत्या, तिनंच चोरून टोपल्या खाल्ल्या. अन् दवाखान्यात जायले बी तीच भीत होती, तुम्ही तं मांगं लागल्या होत्या. तिचा स्वभावच तसा, कोणाचं ऐके नाही. तुम्ही इतकं केलं तिच्यासाठी. मनावर घेऊ नका, तिले माफ करा."

अकरा दिवसांचा निर्णय मी त्यांच्यासमोरच घेतला होता. पण त्यांनी बायकोच्या शब्दावर आपल्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास ठेवला, किंवा ठेवायचं ठरवलं. कोणतं, ते मला कधी कळलं नाही.

मी म्हटलं, "माफ कसलं, दादा." आणि आत जाऊन त्यांच्यासाठी चहा ठेवला. तो त्यांनी माझ्या हातून घेतला आणि प्यायले. पुढे नऊ वर्षं, ते होते तोवर, रोज सकाळी घेत राहिले.