डावीकडचा जोडीदार

मुरमाचे कोर्ट रोज झाडले, रोज पाणी मारले, तरी दुसऱ्या दिवशी त्यावर धूळ असतेच. अमरावतीच्या आमच्या टेनिस क्लबात किस्सेही असेच साचले आहेत. त्यांतले बहुतेक कॅप्टन वानखडे यांचे. गुण पुकारण्याच्या उंच खुर्चीवर मी तीस वर्षे बसत आलो आहे; तेव्हा पाहिलेले पाहिलेले म्हणून सांगतो आणि ऐकलेले ऐकलेले म्हणून.

*

कॅप्टन तरुणपणी दुहेरीचे विदर्भ-विजेते. जोडीदार अकोल्याचा मनोहर इंगळे. दोघे एकाच पलटणीत गेले आणि एकाहत्तरच्या युद्धातून एकटे कॅप्टन परतले. मनोहरच्या नावापुढे सरकारी कागदावर शब्द पडला, ‘बेपत्ता’.

तेव्हापासून कॅप्टन दुहेरीच खेळतात, परंतु एकटे. जाळीपलीकडे दोघे आणि अलीकडे, उजव्या अर्ध्यात, हे. सर्व्हिस तेवढी दोन्ही बाजूंची घेतात. त्यानंतर डावीकडे आलेल्या चेंडूकडे मानही वळवत नाहीत.

प्राध्यापक बोंडे क्लबात नवे होते, तेव्हा त्यांनी विचारले, "कॅप्टन, तो बॉल कावून सोडला?"

"माझा नव्हता," कॅप्टन म्हणाले.

*

अशा माणसाला हरवणे सोपे असावे, असे कोणालाही वाटेल. डॉक्टर तायडे यांनाही वाटले. एका सकाळी त्यांनी ठरवून प्रत्येक चेंडू डावीकडे मारला. पहिला जाळीत गेला, दुसरा रेषेबाहेर, तिसराही रेषेबाहेर. चौथा मात्र स्वच्छ आत पडला. मी तो स्वतः पाहिला.

मुरमावर चेंडूचा ठसा उमटतो आणि वाद झाल्यास तो ठसाच प्रमाण, हा आमच्या क्लबाचा नियम. डॉक्टर जाळी ओलांडून आले, गुडघ्यांवर बसले, हाताने माती चाचपली. ठसा नव्हता.

"आबा, तुमी त पाह्यलं ना?" त्यांनी मला विचारले.

मी पाहिले होते. परंतु ठशावाचून गुण देता येत नाही. मी दिला नाही. डॉक्टर त्या दिवसापासून उजवीकडेच मारतात आणि हरतात.

*

एकदा एक तरुण पत्रकार कॅप्टनची मुलाखत घ्यायला आला. कॅप्टननी युद्धाचे एकच सांगितले. एका कालव्याच्या काठी वाट दुभंगली होती. मनोहर म्हणाला, डावीकडचे मी पाहतो, आणि गेला. पत्रकाराने विचारले, मग तो तुमच्यादेखत पडला का? कॅप्टननी चहा मागवला. मी बाजूला उभा होतो आणि मी चहा घेत नाही. बसलेले दोघेच. चहा आले तीन. तिसरा कप कॅप्टननी आपल्या डाव्या हाताला सरकवला.

मुलाखत कोठे छापून आल्याचे माझ्या वाचनात नाही.

*

मनोहरच्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईंचे, वय आता चौऱ्याऐंशी. दर राखीपौर्णिमेला त्या अकोल्याहून एस.टी.ने येतात, दोन राख्या घेऊन. एक कॅप्टनना बांधतात, एक परत नेतात. यंदा मात्र त्या आम्हा सर्वांसमोर बोलल्या.

"भाऊ, पुढच्या वर्सी मी असन का नसन. मनोहरचं श्राद्ध मले जित्तेपनी माह्या हातानं करायचं हाये. माह्यामागं त्याचं कोनी करनार नाही. पन जित्त्या मानसाचं करू काय? तुमी त्याच्यासंगं होते. गेला म्हना, नाही त हाये म्हना."

अकोल्याच्या दोन एस.टी. निघून गेल्या, तरी ताई बाकावरून उठल्या नाहीत. शेवटी कॅप्टन म्हणाले, "गेला, ताई. मी पाह्यलं."

त्या रडल्या नाहीत. "लय वर्सं लावली तुमी," एवढेच बोलल्या.

पितृपक्षात अकोल्याला श्राद्ध झाले. कॅप्टन आणि मी दोघेही गेलो होतो. जेवण झाल्यावर ताई चटईवर गाढ झोपल्या. त्यांना दिवसा असे झोपलेले आपण लग्न होऊन आल्यापासून पाहिले नाही, असे त्यांच्या सूनबाईंनी मला हळू आवाजात सांगितले.

*

परतल्यावर दुसऱ्याच सकाळी कॅप्टननी मला खुर्चीवरून खाली उतरवले. म्हणाले, "आबा, डावीकडं तुमी उभे राहा. जागा रिकामी हाये आता."

मी सामना कधी खेळलो नव्हतो. तरीही उभा राहिलो. तिसऱ्याच चेंडूला, डावीकडे आता माणूस पाहून, डॉक्टरांनी तिकडे उंच फटका मारला, थेट माझ्या डोक्यावरून. मी रॅकेट उचलली. तेवढ्यात माझ्या कानामागून तरुण आवाज आला, मुळीच घाई नसलेला. चेंडू बाहेर जाणार असला की दुहेरीत जोडीदार जोडीदाराला सांगतो, तसा.

"सोड."

मी सोडला. चेंडू रेषेपलीकडे चार बोटांवर पडला. माझ्या मागे तारेचे कुंपण होते आणि उन्हाने भरलेली रिकामी जागा.

मी कॅप्टनकडे पाहिले. ते जाळीकडे तोंड करून उभे होते.

"आयकलं?" त्यांनी विचारले.

मी हो म्हणालो.

मागे न वळता ते म्हणाले, "अकोल्याले कळवू नका."