विणणाऱ्याचं नाव नसलेली पाटी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तोंडावरच सांगितलं, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली." घरी येऊन आण्णा म्हणाले, "तेवढा देवळाचा पडदा एकदा बघायचा हाय."

तळं आणि तळ्यातलं देऊळ असा भिंतीवर लावायचा तो पडदा आण्णांनी हातमागावर विणला होता. त्यांच्या मागावर चित्राची सुलटी बाजू खाली असते. विणकराला दिसते ती उलटी. आण्णा मधूनमधून खाली आरसा धरून टीचभर चित्र तपासायचे, की पुढचं विणायला घ्यायचे, मागचं गुंडाळलं जायचं. पडदा मागावरून उतरला त्याच दिवशी कारखान्याच्या मालकानं तसाच उचलून नेला आणि पुढं विद्यापीठाच्या इथल्या केंद्राला भेट दिला. आपलं अख्खं काम आण्णांनी कधी पाहिलंच नव्हतं.

केंद्राचं कलासंग्रहालय म्हणजे दोन खोल्या. मंगळवारी सकाळी तेवढ्या उघड्या. मी तेव्हा एकवीस वर्षांची, विडी कामगार बायकांसाठी पत्रकं लिहायची, चौकात वाटायची. आण्णांचा हात धरून गेले. दारातल्या नोंदवहीत 'व्यवसाय' असा रकाना होता. मी ठळक अक्षरात 'विणकर' लिहिलं. शिपाईमामांनी ते वाचलं आणि आण्णांकडं बघितलं.

पडदा समोरच्या भिंतीवर, उंच. आण्णांची नजर तेव्हा दोऱ्याच्या कांडीच्या भोकातून बघावं एवढीच उरलेली. मान वर करून ते चाचपडत बघत राहिले. "पोरी, काय बी दिसंना गं. भिंतच दिसतीय."

मामा हळूच म्हणाले, "हे तुमचं काम हाय व्हय? इथले मुख्य सर आत्ताच चहाला गेलेत. टेबलावर उतरवून देतो. बिगीबिगी बघा, अन् आवाज करू नका."

आवाज करू नका. एवढंच मागितलं होतं त्या माणसानं.

पडदा टेबलावर आला. आण्णा नाक टेकवून खालच्या काठापासून इंचाइंचानं बघू लागले. "ही घाटाची पायरी," स्वतःशीच हसले. "हितं धागा तुटला होता. गाठ दिसतीय का? न्हाय दिसत!" मग मला म्हणाले, "तू लांब उभी राहून बघ की. पाणी पाण्यासारखं वाटतंय का सांग."

मी लांब गेले, ती थेट भिंतीपाशी. तिथं पाटी होती. देऊळ आणि तळे. हातमाग, सोलापूर. पुढं मालकाचं संपूर्ण नाव, मोठ्या अक्षरात. बस.

माझं डोकंच फिरलं. "आणि विणलं कुणी? मालकाच्या बापानं?" मी ओरडले. पिशवीतून पेन काढून पाटीवर आण्णांचं नाव लिहायला लागले. मामा धावले, "ताई, अहो ताई, माझी नोकरी जाईल!" मी म्हटलं, "जाऊ दे! अशी नोकरी काय कामाची?" एका शिपायाला मी असं बोलले. कामगारांच्या बाजूनं पत्रकं लिहिणारी मी.

ओरडा ऐकून सर आले. पडदा कुणी उतरवला, म्हणून मामांना माझ्यासमोर फैलावर घेतलं. आण्णांनी हात जोडले, "सायब, त्यांची चूक न्हाय, मीच म्हटलं." कुणी ऐकलं नाही. टेबलावरचा पडदा त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

बाहेर कडुलिंबाखाली बसल्यावर आण्णा म्हणाले, "पाटी मागनं बी लिहिता आली असती, बाई."

दुसऱ्या मंगळवारी आम्ही परत गेलो. दार बंदच. त्याच्या पुढच्या मंगळवारी सरांनी दारातूनच परत पाठवलं. मामा तिथं नव्हते. कुठं गेले, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मी पत्रक काढलं, 'हात आमचे, नाव मालकाचे'. चांगलं पत्रक होतं. लोकांनी वाचलं.

दिवाळीच्या आधीच आण्णांना दिव्याची ज्योत दिसेनाशी झाली. त्या आठवड्यात मी त्यांना ते पत्रक वाचून दाखवलं. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. मी पायऱ्यांपर्यंतच पोचलो होतो. पाणी कसं दिसत होतं? देऊळ तिरकं तर न्हाय ना झालं?"

मला पाटीवरचा शब्दन् शब्द पाठ होता. पडदा मी बघितलाच नव्हता.

"सरळ आहे," मी म्हटलं.

"अन् पाणी?"