भरदुपारची चांदणी

विट्याच्या अलीकडच्या माळावर चौऱ्याहत्तर साली एक मांडव उभा राहिला. नुसते खांब आणि त्यांवर ताणलेल्या तांब्याच्या तारा. शेजारी यंत्रांची पत्र्याची खोली. राखणीला आकाराम. दुष्काळात मेंढरं विकून बसलेल्या धनगराला बसून खायची सवय नव्हती, काम बरं मिळालं. तासगावकडचे बागाईतदार जाता-येता खोडी काढायचे, "आकाराम, द्राक्षं कवा लागायची रं?"

"लागली की तुमास्नीच धाडतो. पयली, आंबट!"

घरी मात्र त्याला हसू सुचत नव्हतं. बायकोचे, अंबूबाईचे डोळे गेले होते. डॉक्टरनं हात टेकले होते. देवऋष्यानं अंगारे लावून उगाच वर्ष घालवलं होतं. जन्मभर उघड्यावर निजलेली, चांदणी बघून मेंढरांचा तळ हलवणारी बाई आता भिंतीकडं तोंड करून पडायची. "मला काय करायचंय आभाळाचं?" तिनं एकदा अंगणात यावं, एवढंच आकारामला हवं होतं.

मांडवाचे साहेब, नानासो, तिथं क्वेसार मोजायचे. क्वेसार म्हणजे, लांबण न लावता सांगायचं तर, आभाळातला फार फार लांबचा दिवा. पृथ्वी जन्मायच्या आधी निघालेल्या त्याच्या रेडिओ लहरी त्या तारांवर उतरायच्या, त्याही भरदुपारी. सूर्याकडून सुटणाऱ्या वाऱ्यातून येताना बारीक असेल तो लुकलुकतो, पसरट असेल तो स्थिर राहतो. त्या लुकलुकीवरून त्याचा आकार कळायचा. डोळ्यांना काहीच नाही. कागदावर शाईची लेखणी तेवढी हलायची.

कुणालाच दिसत नाही, हे आकारामनं बरोबर हेरलं.

"साहेब, मंडळीला आणू का?"

"आणा की. लेखणीला हात मात्र नको."

अंबूबाई वाटभर करवादत आली. "आंधळीला चांदणी दावतोय! येड लागलंय."

खोलीत लेखणी एका सुरात खरखरत होती. मग सूर बदलला, भराभर, थरथरता. अंबूबाईनं कान टवकारले.

"आवं, ही तर कापतीया! नुकतं जल्मलेलं कोकरू पोटाशी धरल्यावानी."

"तीच ती चांदणी," आकाराम म्हणाला.

"तुमास्नी दिसती?"

"न्हाई. साहेबास्नी बी न्हाई."

"आत्ता गं बया! मग आपुन समदी सारखीच की!" ती हसली. कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी आकाराम निवांत जेवत होता. अंबूबाई काठी घेऊन अंगणात उभी, तोंड वर केलेलं.

"उठा की! चांदण्या रोज वाईच आदी येत्यात, इसरला व्हय?"

भाकरी हातातच घेऊन आकाराम तिच्या मागनं निघाला.