कोट्याची मालकीण

"ही आमची मालकीण. हिच्या दाखल्यावर काम मिळालंय तुम्हाला. मालकीणबाई, साहेबांना पाणी आणा."

सर असं म्हणाले. समोर वडाळ्याचा ठेकेदार बसला होता. तो मोठ्याने हसला. सरही हसले. मी उठले, फिल्टरचं पाणी ग्लासात भरलं, ट्रेमध्ये ठेवून आणलं. आणि मीही हसले. अपमान पचवायची इतकी सवय झाली होती की तोंड आपोआप हसायचं. आज त्या हसण्याचीच जास्त लाज वाटते.

आमचं ऑफिस परळला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर. धंदा टेंडर शोधून देण्याचा. सकाळी नऊला आल्या आल्या मी कॉम्प्युटर उघडायचे. महापालिका, रेल्वे, बंदर, हॉस्पिटलं, मोठ्या खाजगी कंपन्या, कुठे कसलं काम निघालंय ते बघायचं. गटाराची झाकणं, खिडक्यांची रंगरंगोटी, कँटीन, साफसफाई. मग कुठलं काम कुठल्या पार्टीला, म्हणजे ठेकेदाराला, झेपेल ते ठरवून फोन करायचा. पार्टी हो म्हणाली की तिचे कागद जमवायचे, फॉर्म भरायचा आणि शेवटी तिच्या डिजिटल सहीचं पेनड्राइव्हसारखं डोंगल कॉम्प्युटरला लावून अपलोड करायचं. बारा वर्षं हेच केलं. माझ्याइतकं बारीक टेंडर त्या ऑफिसात कोणीच वाचत नव्हतं. हे मी मिजाशीत सांगते आहे.

सर गिरगावचे. भाषा स्वच्छ, आवाज मऊ. सगळ्या पार्ट्यांना अहो-जाहो. शिपायालासुद्धा अहो. मला मात्र तू. मला वाटायचं, आपलेपणा आहे.

चार वर्षांपूर्वी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "काही कामांत तुमच्या लोकांसाठी राखीव वाटा असतो. तुझ्या नावाने फर्म काढू. तुझंही भलं होईल." मी हुरळून गेले. घरी जाऊन आईला सांगितलं. आईने पत्र्याच्या पेटीतून माझा जातीचा दाखला काढला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि म्हणाली, "बाबासाहेबांमुळे हा दिवस आला." दुसऱ्या दिवशी विहारात तिने पेढे वाटले. नायगावच्या आमच्या अख्ख्या चाळीत मी मालकीण झाले.

पगार होता तेवढाच राहिला. माझ्या फर्मचं डोंगल सरांच्या ड्रॉवरमध्ये राहिलं, किल्ली त्यांच्या खिशात. त्या ड्रॉवरमध्ये सगळ्या पार्ट्यांची डोंगलं असायची, प्रत्येकाला फर्मच्या नावाची चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: कोटा. ती मी पहिल्याच आठवड्यात वाचली. पिन फक्त मला माहीत होता. सर डोंगल काढून द्यायचे, मी पिन टाकायचे, ते डोंगल परत घ्यायचे. इतकीच माझी मालकी.

त्यातून परळच्याच एका हॉस्पिटलचं साफसफाईचं काम माझ्या फर्मला लागलं. चालवायचा तो वडाळ्याचा ठेकेदार. मी तिथे एकदाही पाऊल ठेवलं नाही. मला कोणी ठेवूही दिलं नसतं.

एका रविवारी सुनंदामावशी घरी आल्या. आमच्याच चाळीतल्या, तळमजल्यावरच्या. त्या हॉस्पिटलात कामाला आहेत एवढं माहीत होतं. कोणाच्या ठेक्यात, हे मी कधी विचारलं नव्हतं. उजव्या अंगठ्याला पट्टी होती. कचऱ्याची पिशवी उचलताना वापरलेली सुई आत घुसली होती. रक्त तपासलं होतं. काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं, तोवर काहीच सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले होते. मावशी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"बाय, तिथं फळ्यावर ठेकेदार म्हणून तुझं नाव लिवलंय. मग आमाला हातमोजे का नाय देत?"

आईने माझ्याकडे बघितलं.

हमीपत्र मीच जोडलं होतं. 'सर्व कामगारांना हातमोजे, गमबूट व मुखपट्टी पुरवण्यात येईल.' ही ओळ मी जुन्या टेंडरमधून कॉपी करून नव्यात चिकटवायचे. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. शंभर वेळा चिकटवली असेल. बारीक वाचणारी मी, पण ती ओळ कोणाच्या तरी हाताबद्दल आहे हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आणि ते हात माझ्याच चाळीतले निघाले.

सोमवारी मी सरांना सांगितलं. ते फोनमधून मान वर न करता म्हणाले, "ते ठेकेदार बघेल. तू फक्त नाव आहेस."

मी जागेवर येऊन बसले. राग यायला हवा होता. आला नाही. पुढचे आठ दिवस मी टेंडरं शोधली, फोन केले, डबा खाल्ला. चव कशालाच नव्हती.

मग त्याच हॉस्पिटलच्या कामाचं नवीन टेंडर निघालं. मुदत दुपारी तीनची. मी फॉर्म पूर्ण भरला. हमीपत्रही चिकटवलं. अडीचला सरांनी डोंगल आणून लावलं आणि माझ्यामागे उभे राहिले.

"पिन टाक."

मी हात मांडीवर ठेवले.

"टाकत नाही."

त्यांना आधी कळलंच नाही. मग समजावलं. मग आवाज चढला, आणि शेवटी पुन्हा खाली आला. "तुमच्या लोकांना वर आणलं की हे असं. अगं, तुझ्या त्या दाखल्याशिवाय तुला विचारतंय कोण?" हे मात्र अगदी मऊ आवाजात म्हणाले. ऑफिसात सगळे खाली मान घालून बसले होते. मी घड्याळाकडे बघत राहिले. तीन वाजले. स्क्रीनवर मुदत संपल्याचं आलं. मी डोंगल काढलं, चिठ्ठी फाडून टेबलावर ठेवली, डोंगल पर्समध्ये टाकलं आणि जिना उतरले. बारा वर्षांची नोकरी गेली.

हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. वाटेत झेरॉक्सवाल्याकडून कोरा कागद घेतला आणि त्याच्या काउंटरवर उभ्याउभ्याच अर्ज लिहिला. माझ्या फर्मने हातमोजे दिले नाहीत. हमीपत्र खोटं ठरलं. सही माझी आहे. त्याच्याकडेच एक प्रत काढली आणि हॉस्पिटलच्या आवक खिडकीवर दोन्ही कागद दिले. क्लार्कने दोनदा वाचलं.

"मॅडम, ही तुम्ही तुमच्याचविरुद्ध तक्रार देताय. काळ्या यादीत जाल. नंतर स्वतःचं काही करायचं म्हटलंत तरी टेंडर भरता येणार नाही."

"माहीत आहे. पोच द्या."

त्याने प्रतीवर शिक्का मारून दिला.

आईला हे सगळं अजून पटलेलं नाही. तिच्या पोरीचं नाव काळ्या यादीत जाणार, याचं तिला जास्त दुःख आहे. मावशींची दुसरी तपासणी व्हायची आहे. सरांचे दोन फोन येऊन गेले, गोड आवाजात, अर्ज मागे घे म्हणून. मी उचलले, ऐकले, ठेवले.

चौकशीचं पत्र आलं आहे. मी जाणार आहे. सही माझी होती, हे आधी सांगणार. मग ती कोणी करून घेतली आणि तिच्यावर कोण जगलं, ते एकेकाचं नाव घेऊन लिहून देणार.