सरी की सारी

अगं, पाहुण्यासारखी लांब काय बसलीस? इकडे ये, जवळ. एवढ्या दिवसांनी तोंड दाखवलंस, आणि आल्या आल्या काय — तर अक्का, तो सरी-सारीचा किस्सा सांगा! गुडघे कसे आहेत विचारलं नाहीस, जेवलात का विचारलं नाहीस. किस्सा हवा. बरं, सांगते. पण आज जे सांगणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — ते गेले, तोवर त्यांना माहीत नव्हतं. आणि आज हसायचं नाही.

किस्सा तर तुला पाठच आहे. मी न्यूज चॅनेलमध्ये बातम्या वाचणाऱ्या मुलींना साड्या नेसवायची. एकीनं विचारलं, आज काय घालू? मी म्हटलं, 'सारी'. तिथं साडीला साडी कोण म्हणतंय? कन्नडमध्ये सीरे, नाहीतर इंग्रजी वळणानं सारी. तिला ऐकू आलं 'सरी' — आपलं बेंगळुरातलं सरी, म्हणजे बरं, चालेल. आणि ती बया कोट चढवून बातम्या वाचायला बसली! इथं तुम्ही सगळे हसता. मंडळाच्या गणपतीत हसलात, भाचीच्या साखरपुड्यात हसलात. मी तर तुमच्या आधी हसायची, म्हणजे कुठं हसायचं ते तुम्हाला कळावं.

त्या मुलीचं नाव वीणा. किस्स्यात मी तिचं नाव कधी घेतलं नाही. नाव घेतलं की माणूस समोर येऊन उभं राहतं ना — म्हणून.

मला हे काम कुणी शिकवलं नव्हतं. लग्न होऊन निपाणीकडून इथं आले. ह्यांची नोकरी इथल्या पीण्या भागातल्या कारखान्यात. शेजारपाजारच्या मुलींना लग्नाकार्यात नेसवता नेसवता हात बसला, आणि कुणाच्या तरी ओळखीनं स्टुडिओत शिरले. तेव्हा नियम पक्का होता — बातम्या वाचणारी बाई म्हणजे साडी. बाही कोपरापर्यंत, पदर खांद्यावर असा पिनेनं बसवायचा की मान हलली तरी तो हलता कामा नये. फक्त हिरवी साडी नको, कारण मागचा पडदा हिरवा, आणि टीव्हीवर त्या हिरव्याच्या जागी इथल्या विधानसभेच्या इमारतीचं चित्र यायचं. हिरवं नेसवलं की तिच्या पोटातून विधानसौध दिसायचं! दिल्लीच्या चॅनेलांवर बायका कोट घालायला लागल्या होत्या. आमचे साहेब म्हणायचे, आपल्या लोकांना घरची लेक दिसली पाहिजे. आणि कपड्यांचं काहीही निघालं की, 'अक्कन्न केळी.' अक्काला विचारा. केळी म्हणजे विचारा हं, खायची नव्हेत. नव्यानं आले होते तेव्हा मीच फसले होते त्या शब्दाला.

तर — अक्काला विचारा. म्हणून तिनं मला विचारलं.

वीणा चिकोडीकडची. घरी मराठी, बाहेर कन्नड, माझ्याशी दोन्हीची खिचडी. आवाज काय होता गं तिचा! पुराची बातमी वाचली तरी वाटायचं, कुणीतरी आहे आपल्याजवळ. पहिलं बाळंतपण झालं, ऑपरेशनचं. लवकरच कामावर परत आली. खुर्ची दुसरीला गेली तर? हीच धास्ती. आणि त्या दिवशी कपड्यांच्या खोलीत आली, तोंड पांढरं पडलेलं. परकराची नाडी बरोबर टाक्यांवर बसते, म्हणाली. बसलं की आग होते. 'अक्का, आज सारी नको हो. खाली सैल सलवार घालते, वर कोट. टेबलाच्या वरचंच तर दिसतं.'

मी इस्त्री करत होते. खोलीत आम्ही दोघीच. मी काय म्हटलं असेल?

मी म्हटलं — 'सरी. घाल.'

ती म्हणाली, 'आणि साहेब?' मी म्हटलं, 'साहेबांना मी सांगते.'

ऐकलंस ना? सरीच म्हटलं मी. चांगलं समजून-उमजून म्हटलं. आणि कोट घालून ती समोर उभी राहिली, तेव्हा तिच्या कॉलरवरचा केस मी ह्या हातानं उचलला. 'छान दिसतेस,' म्हटलं. मग साहेबांच्या दारापर्यंत गेले — आणि परत फिरले. धीर झाला नाही. म्हटलं, कोण बघतंय एवढं?

बुलेटिन संपायच्या आत फोन सुरू झाले. पहिला मालकांच्या घरून. साहेब खाली आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, हा कोट कुणाला विचारून? वीणा सरळ म्हणाली, 'अक्का सरी म्हणाल्या.' सगळी तोंडं माझ्याकडे वळली. ह्यांचा कारखाना तेव्हा बंद पडायच्या — नको. ते सांगायला लागले की ती सबब होईल. राहू दे.

मी म्हटलं, 'सर, मी सारी म्हटलं. हिला सरी ऐकू आलं वाटतं.'

कॅमेरावाल्याला हसू फुटलं. 'आता हिनं सरांना सारी म्हणायला पाहिजे!' इथं सॉरीलाही सारीच म्हणतात ना. पोट धरधरून हसले सगळे. साहेबही हसले. आणि मला — खरं सांगू? — मला ते हसणं आवडलं. भीती होती, ती होतीच. पण आपल्या बोलण्यावर सगळा स्टुडिओ हसतोय, हेही मला आवडलं.

वीणा माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. पण नाही गं — ती आठवत होती. आपण काय ऐकलं, ते मनात तपासून बघत होती. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. 'अक्का, चुकलंच माझं. बाळ झोपू देत नाही, डोकं ठिकाणावर नसतं. माझ्यापायी तुम्हाला बोलणी बसली असती.' तिनं माझी माफी मागितली. आणि मी काय करावं? मी माफ केलं तिला! 'असू दे गं,' म्हटलं. पाठीवरून हात फिरवला.

मला वाटलं, हसण्यावारी गेलं. कोटाचं गेलंही. कानाचं राहिलं. बातम्या वाचताना कानात एक बारीकशी गुंडी असते बघ, आतून साहेब बोलत असतात — ही बातमी सोड, ती घे, अमुक गेले असं सांग. आता जिला सारीचं सरी ऐकू येतं, तिला तिथं कसं बसवायचं? उद्या जिवंत माणसाला मेला म्हणाली तर? असं कुणीतरी म्हटलं, आणि सगळ्यांना पटलं. ती कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. कान उत्तम. ते तर मला माहीतच होतं. पण तिचं बुलेटिन गेलं. तिला आत भाषांतराला बसवलं. काही दिवस आली, मग येईनाशी झाली. त्या काळात मी रोज तिच्या खोलीवरून जायची, आणि रोज वाटायचं, उद्या सांगू.

पुढं त्याच साहेबांनी सगळ्यांना कोट लावले. काळ बदलला म्हणाले. मी कोटही शिकले — मागून चिमटे लावले की परका कोट अंगाबरोबर बसतो, समोरून कळत नाही. आता तर बिनबाह्यांचे ब्लाऊज, खाली जीन्स. तुम्ही मला विचारता, अक्का, हे बघवतं का हो तुम्हाला? मी कपडे कुठं बघते? मी कॉलर बघते.

परवा तिचा फोन आला. जुन्या कुणाकडून तरी नंबर मिळवला म्हणाली. सर्जापूर रोडला राहते, लेकीकडे. लेक म्हणजे तेच बाळ. भरभरून बोलली. 'बघता ना टीव्ही? सगळ्या कोटात! आपण स्वल्प लवकर जन्मलो, अक्का.' मी आता सांगणार होते. अगदी तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, 'लवकर या हं घरी. ह्याच आठवड्यात या.'

मी म्हटलं, 'सरी.'

ती थांबली. मग हसत म्हणाली, 'सरी म्हणालात की सारी? नीट सांगा हो, अक्का. माझे कान तुम्हाला माहीतच आहेत.'