संकटकाळचं दार

उंब्रजला जाणाऱ्या आमच्या एसटीत तो नॉर्वेचा म्हातारा कायम संकटकाळच्या दाराशी बसायचा, मुठीत कडी घट्ट धरून. तरुणपणी त्याचं जहाज बुडालं होतं. त्यातून तो वाचला आणि पुढं शेजारच्या गावचा जावई होऊन इथंच राहिला. त्याच्या त्या मुठीला आम्ही हसायचो.

परवा पुलावरून गढूळ पाणी धावत होतं. तरी ड्रायव्हरनं गिअर टाकला. म्हातारा ताडकन उठला.

"थांबवा गाडी!"

"आवं आजोबा, बसा खाली. रोजचाच पूल हाय," कंडक्टर खेकसला.

आम्ही सगळे चिडीचूप. म्हातारा आमच्याकडं वळला.

"जहाजावर बी समद्यांना कळलं हुतं," तो म्हणाला. "पर कुनी बोललं न्हाई."

माझा हात घंटीच्या दोरीवर गेला. गाडी थांबेपर्यंत मी ती ओढतच राहिलो.