ॲव्हरिलचं नाक

अल्बन वायबोर्न माझा शेजारी. आमच्या दोघांच्या परसांमध्ये कमरेएवढं कुंपण होतं, त्यामुळे त्याच्या घरातलं बरंचसं मला न विचारता कळत असे.

रिजवेलच्या बिअरच्या कारखान्यात तो सत्तावीस वर्षं हॉपच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या बोंडांच्या, कोठारात होता. काम एकच. मळ्यांतून आलेल्या पोत्यात हात घालायचा, हॉपची हिरवट कागदी बोंडं तळव्यावर चोळायची, नाकाशी धरायची आणि सांगायचं, घ्यायचं की परत पाठवायचं. त्याच्या शब्दावर मालकसुद्धा उलटून बोलत नसत. मग एका मार्चमध्ये शिडीवरून पडला, डोकं फरशीवर आपटलं. जखम भरली, पण वास येणं बंद झालं ते झालंच.

त्याने कुणाला सांगितलं नाही. महिनाभर पोत्यात हात घालत राहिला, माना डोलावत राहिला. त्यात बुरशी धरलेली खेप आत गेली आणि अख्खी टाकी गटारात ओतावी लागली. मालकांनी कामावरून काढलं नाही, अंगण झाडायला दिलं. "काढलं असतं तर बरं होतं," असं तो मला एकदाच म्हणाला. दोन वर्षांनी कारखाना विकला गेला, बंद पडला. त्यांची कडवट बिअर, रिजवेल बिटर, कुठल्याच पबमध्ये मिळेनाशी झाली.

आणि मग त्याने ती घरी करायचं मनात घेतलं.

त्याची बायको ॲव्हरिल पक्की चॅपेलवाली, दारूला पाप मानणाऱ्या पंथातली. बाप दारूपायी गेलेला, म्हणून तिने जन्मात थेंब जिभेला लावला नव्हता. मला वाटलं, आता घरात भांडण. पण सप्टेंबरातल्या एका दुपारी मी कुंपणावरून त्यांच्या उघड्या खिडकीत पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या टेबलावर सात कागदी पिशव्या मांडलेल्या. आसपासच्या सात मळ्यांतली बोंडं. ॲव्हरिल ॲप्रन नीट करून समोर बसली होती.

"चाखणार नाही हं मी. नुसता वास," ती म्हणाली.

"चाखायला कोण सांगतंय? चोळ आणि बोल."

पहिली पिशवी. "पेन्सिलीला टोक केल्यावर येतो ना, तसा."

"फगल जात आहे ती. कडवटपणाला चालेल. पुढची."

"ई! ओलं कुत्रं."

"नीट वाळवलेलं नाही मेल्याने. फेक."

मी हसत सुटले, तर तिने मलाही आत बोलावलं. तिसरी तिला चहाच्या रिकाम्या डब्यासारखी वाटली. चौथी मात्र तिने चोळली, नाकाशी नेली आणि परत परत हुंगत राहिली.

"अगं, काय येतंय?"

"मुरंब्याचा येतोय. संत्र्याच्या सालीचा." मग हळूच म्हणाली, "हा वास तुझ्या कोटाला यायचा रे. लग्नाआधी, मला चॅपेलपर्यंत सोडायला यायचास तेव्हा. आईला वाटायचं, तू पिऊन येतोस."

अल्बनने पिशवीवरचं नाव वाचलं. पेनफोल्डच्या मळ्यातलं गोल्डिंग. रिजवेलमध्ये उकळीच्या शेवटी तेच पडायचं, ते त्याला ठाऊक होतं, पण वास अजून तोच आहे का, हे सांगायला नाक हवं होतं. त्याने उगाच खिडकी पुसायला घेतली.

पाच आठवड्यांनी कारखान्यातली चार जुनी माणसं शनिवारी दुपारी परसात जमली. त्यांतला गॉडफ्री पिंपं बांधणारा, मोठ्या तोंडाचा. एक घोट घेतला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. "हीच रे," एवढंच म्हणाला आणि ग्लास पुढे केला.

अल्बनने आपला ग्लास उचलला. त्याच्या जिभेला फक्त कडू आणि ओलं लागत असे. तो पीत पीत त्या चौघांचे चेहरे बघत होता.

अशी सहा वर्षं गेली. दर सप्टेंबरला पिशव्या, दर सप्टेंबरला ॲव्हरिलची तीच ताकीद, "चाखणार नाही हं."

सातव्या वर्षी फेब्रुवारीत ती चॅपेलच्या पायरीवर कोसळली. हॉस्पिटलात पोचायच्या आत संपलं होतं. त्याच उन्हाळ्यात पेनफोल्डच्या मळ्यात मर रोग शिरला. वेली मुळासकट उपटून जाळल्या.

सप्टेंबरात अल्बन कुंपणाशी आला. हातात चार पिशव्या.

"पोरी, जरा नाक दे."

मला बिअर आवडते, पण वासातलं मला काय कळतंय? मी चोळलं, हुंगलं. चारही सुक्या गवतासारख्या.

"मुरंबा येतोय का कशात?" तो विचारत होता. "नीट बघ. संत्र्याची साल?"

त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी तिसरीवर बोट ठेवलं. "ही वाटते."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

पाच आठवड्यांनी शनिवारी माणसं आली. आता तिघंच उरली होती. गॉडफ्रीने घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हीच रे, अल्बन. तीच." बाकीच्यांनीही माना हलवल्या. एकाने उरलेली बिअर हळूच गुलाबाच्या मुळाशी ओतली. अल्बनची पाठ होती तिकडे, असं मला वाटलं.

माणसं गेल्यावर अल्बनने ग्लास गोळा केले.

"गॉडफ्रीने दुसरा ग्लास मागितला नाही," तो म्हणाला.

"त्याचं पोट बरं नाही म्हणे."

"बस झालं, पोरी." रागावला नव्हता, दमला होता. "वास खरंच आला होता का तुला?"

मी मान हलवली. नाही.

"मग तसं म्हणायचंस. मीही महिनाभर असाच माना डोलावत होतो. ठाऊक आहे मला कसं असतं ते." मग म्हणाला, "ॲव्हरिलने तोंडावर सांगितलं असतं, ओलं कुत्रं. ती माझ्याशी खोटं बोलली नाही कधी."

मी माफी मागितली. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि आत गेला.

त्यानंतर त्याने बिअर केली नाही. मोठं पातेलं चॅपेलच्या बायकांनी सूपसाठी नेलं. आणखी चार वर्षं जगला. सप्टेंबरात भट्ट्या पेटल्या, हॉप वाळायला लागले की गावभर वास भरून राहतो, कपड्यांतही शिरतो. तेव्हा तो फाटकाशी खुर्ची टाकून बसे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारी, "कसा आहे यंदा?"

लोक थांबून सांगत. कुणी म्हणे गोड आहे, कुणी म्हणे उग्र. तो सगळ्यांचं ऐकून घेई.